घरघर गेल्यावर

हॅलोताईंच्या कानांवर कुणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे, आणि तशी कुणी घेतही नसे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली बाई ती. पलीकडच्यानं नुसता घसा खाकरला तरी नावानिशी ओळखायची. निवृत्तीनंतर हेडफोन गेला, 'हॅलोताई' तेवढं राहिलं.

आता त्या कानांना एकच काम उरलं होतं. रोज सकाळी, केर काढून झाल्यावर, कॉम्प्युटर सुरू करायचा आणि बाबांचं व्हायोलिन ऐकायचं.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाजवायचे. त्यांनी स्वतः बांधलेली एक धून होती. तिची एक कॅसेट, बस्स, एवढीच त्यांची इस्टेट. बाबांना जाऊन चौतीस वर्षं झाली. बारा वर्षांपूर्वी कॅसेटचा आवाज दबायला लागला तेव्हा धाकट्या भावानं ती नेली आणि आठवड्याभरात कॉम्प्युटरवर चढवून आणली. सहा मिनिटांची फाइल. सुरुवातीला टेपची खरखर, मग स्टूल सरकल्याचा आवाज, मग बाबांचा खोकला, आणि मग धून.

व्हायोलिनपेक्षा त्यांना तो खोकलाच जास्त प्यारा होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन छोटे ठसके आणि एक लांब. खोकला झाला की त्यांना वाटे, बाबा घरात आहेत.

धाकटा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. लहानपणी तोही बाबांकडे व्हायोलिन शिकला होता, पण बाबा म्हणाले, "तू लाकूड कापतोयस," आणि सोळाव्या वर्षी त्यानं गज खाली ठेवला. बाबांचं वाद्य मात्र त्याच्याकडेच होतं. रविवारी तो आला की हॅलोताई त्याला मुद्दाम समोर बसवून धून ऐकवायच्या.

"बघ, याला म्हणतात हात. नाहीतर तू, नुसती करवत."

"खरंच चांगलं वाजलंय का गं?" तो दरवेळी विचारायचा.

"अरे, तू बाबांना मार्क देणार होय?"

मग तो हसून चहा प्यायचा. मान खाली घालून. हॅलोताईंना वाटे, लाजतोय.

सगळं झकास होतं, फक्त एक घरघर सोडून. स्पीकर लावले की धुनीखाली सतत बारीक घरघर चालायची. बारा वर्षं त्यांनी ती टेपच्या म्हातारपणाची म्हणून पोटात घातली. पण खालच्या मजल्यावर श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करणारी एक बाई राहायला आली आणि एका सकाळी धून चालू असताना साखर मागायला म्हणून वर येऊन उंबऱ्यातच थांबली.

"काकू, ही घरघर टेपची नाही. तुमच्या कॉम्प्युटरची आहे."

हॅलोताईंना हा आपल्या कानांचा अपमान वाटला. तरी त्या म्हणाल्या, "घालवून दाखव."

शनिवारी दुपारी ती पिशवी घेऊन आली. आधी तिनं शोकेसच्या काचेला टेकलेले स्पीकर उचलून दोन स्टुलांवर ठेवले, खाली जाड लोकरी बनातीचं कापड घातलं, आणि दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर येतील असे मोजून लावले. मग कॉम्प्युटरमध्ये आवाज आपोआप 'सुंदर' करणारी एक सोय चालू होती, ती बंद केली. "हिनंच सगळं बिघडवलंय," ती म्हणाली. शेवटी पिशवीतून काड्यापेटीएवढी डबी काढली.

"आतलं साउंड कार्ड पंख्याच्या आणि वायरींच्या गर्दीत बसतं, सगळ्यांचा कलकलाट उचलतं. आता आवाज या डबीतून बाहेर काढू. ऐका."

हॅलोताईंनी फाइल सुरू केली आणि त्यांचा हात गालावर गेला. घरघर नव्हती. खोकला इतका जवळून आला की त्यांनी दाराकडे पाहिलं. गज तारेवर टेकताना होणारा आवाजसुद्धा ऐकू येत होता. त्यांचे डोळे भरून आले. 

आणि मध्येच, धुनीच्या अगदी खाली, टिरिक् टिरिक् टिरिक्, टिर्रर्र.

दोघींनीही आपापले फोन बघितले. कुणाचाच वाजला नव्हता.

"मोबाइलमुळे येतो हा आवाज, स्पीकरजवळ असला की," शेजारीण म्हणाली. तिनं दोन्ही फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवले. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच, तीन मिनिटं बारा सेकंदांवर. टिरिक् टिरिक् टिरिक्.

"म्हणजे रेकॉर्डिंगमध्येच आहे. वाजवताना टेपरेकॉर्डरजवळ कुणाचा तरी मोबाइल..." शेजारणीचं वाक्य तिथंच अडलं. भिंतीवर बाबांचा फोटो होता, खाली ते गेले त्या सालासकट.

बाबा गेले तेव्हा मोबाइल कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता.

"मी येते काकू," शेजारीण हळूच म्हणाली आणि डबी तशीच ठेवून गेली.

हॅलोताईंनी धाकट्याला फोन करून एवढंच सांगितलं, "ये." अर्ध्या तासात तो आला. नवी मांडणी बघून खूश झाला. "अरे वा, ताई, थिएटरच केलंस की!"

"बस. ऐक."

तीन मिनिटं बारा सेकंद होईपर्यंत तो मान डोलावत होता. मग टिरिक् टिरिक् झालं, आणि मान थांबली. हॅलोताईंनी फाइल बंद केली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला बघूनही त्यांच्या मनात एक वेडी आशा होती, की तो काहीतरी तांत्रिक सांगेल आणि आपण विश्वास ठेवू.

"टेप मशीननं ओढली गं," तो म्हणाला. "पहिल्याच मिनिटाला. काढायला गेलो तर तुटली, पार चुरगळली."

"कुठाय ती?"

"टाकली."

"तुकडे आणून द्यायचेस. जोडले असते मी. नखाएवढा तुकडा राहिला असता तरी तो बाबांचा असता."

"तू मला पुन्हा घरात घेतलं नसतंस."

"म्हणून बारा वर्षं घरात येऊन बसलास? माझ्यासमोर, चहा पीत? केसानं गळा कापलास रे माझा!"

 आता लपवून काय करायचं, अशा आवाजात तो सगळं सांगत सुटला. बाबांचंच व्हायोलिन काढलं. पाच दिवस दार लावून हात बसवला. खरखर यावी म्हणून आधी जुन्या कॅसेटवर भरलं, तिथून कॉम्प्युटरवर. सांगता सांगता त्याचा चेहरा किंचित उजळला, ते हॅलोताईंनी पाहिलं, आणि त्यांचं डोकं फिरलं. दर रविवारचं ते 'खरंच चांगलं वाजलंय का गं' आठवलं. हा लाजत नव्हता. हा बाबांच्या नावावर स्वतःची शाबासकी गोळा करत होता, आणि आपण ती ओंजळी भरभरून देत होतो.

वाजवणं एक वेळ त्यांनी गिळलं असतं. त्यांनी विचारलं ते दुसरंच.

"आणि खोकला?"

धाकटा बाहेर बघायला लागला.

"खोकला कुणाचा रे?"

"एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, ताई. तो मला येणारच की."

हॅलोताई खुर्चीत बसल्या. खोकल्यावरून हजार माणसं ओळखणारी बाई रोज सकाळी एका नकलेला बाप समजून बसत होती. फसवलं भावानं होतं, पण साथ कानांनी दिली होती. त्यांना आपल्या कानांचीही किळस आली.

"फोन तरी बंद ठेवायचास," त्या म्हणाल्या. स्वतःच्याच तोंडून हे कसं निघालं, ते त्यांना कळेना. "इतकी तयारी केलीस, तर फोन नाही बंद करता आला?"

"आवाज बंद केला होता. पूर्ण बंद कसा करणार? लागला नाही तर तू घाबरली असतीस." तो थांबला. "तूच करत होतीस ना सारखे फोन. कॅसेट झाली का, बाबा नीट आले का, म्हणून. हाही तुझाच होता. मी वाजवत होतो, घेतला नाही."

"जा," हॅलोताई म्हणाल्या.

"पुसून टाकू का ती फाइल?"

"हात लावू नकोस. जा."

जिन्यात त्याला ठसका लागला. दोन छोटे, एक लांब. हॅलोताईंनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. केर काढून झाला. त्यांनी डबी काढून ठेवली, वायर पुन्हा कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या जुन्या भोकात खुपसली, आणि फाइल लावली. घरघर परत आली, नेहमीची. खरखर झाली, स्टूल सरकलं, कुणीतरी खोकलं. त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. घरघरीतून ती टिरिक् टिरिक् ऐकू येण्यासारखी नव्हती, तरी तीन मिनिटं बारा सेकंदांवर त्यांना तो फोन ऐकू आला. बाबा नीट आले का, हे विचारायला त्या बारा वर्षांपूर्वी फोन करत होत्या, आणि पलीकडे व्हायोलिन वाजतच होतं.