टेकडीपलीकडचा समुद्र

मला चालण्याचा मनापासून कंटाळा. जन्मभर बूट शिवले ते लोकांनी चालावं म्हणून. मी आपला स्टुलावर बरा. पण माझ्या पोस्टमन मित्राकडे गेलो की सुटका नसे. आमचा ठराव जुना होता: ज्याच्या घरी जाऊ, वाट त्याने निवडायची आणि पाहुण्याने ‘अजून किती राहिलं?’ म्हणून विचारायचं नाही. या ठरावापायी त्याने मला नदीकाठ, माळरान, जंगल सगळं तुडवायला लावलं, आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडत चालत राहिलो.

या खेपेला त्याच्या मुलीने मला दारातच गाठलं. "काका, सोमवारी बाबांचा डावा पाय काढायचाय. साखरेमुळे पार सडलाय. जखम वाढली नाही तर गुडघा वाचेल म्हणतात डॉक्टर. मग खोट्या पायावर चालता तरी येईल. त्यांना बाहेर नेऊ नका हं."

नेतोय कोण? सकाळी ती कामावर गेली, आणि हा पठ्ठ्या काठी घेऊन हजर.

"टेकडीवर जाऊ. पलीकडे समुद्र दिसतो. तुला कधी दाखवलाच नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बुटवाल्या, दोन पायांवर एकदाच. मग म्हणशील ते ऐकतो."

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याच्या डाव्या बुटात मऊ अस्तर घातलं आणि निघालो. गल्ली संपली, फळबागा मागे पडल्या, मग दगडाची खाण आली, आणि तिच्या वर गुडघाभर गवताचा चढ. वारा भन्नाट सुटला होता. कुठल्या घरचं कुत्रं त्याच्या कितीदा मागे लागलं होतं, ते तो रंगवून सांगत होता. त्या दिवशी मला कुरकुर करायचीही आठवण राहिली नाही.

मग माझं लक्ष त्याच्या बुटाकडे गेलं. शिवण ओली दिसत होती. त्याला खाली बसवून बूट काढला. आत खाणीतली टोकदार कपची शिरली होती, मोजा रक्ताने भिजला होता. पाय बधिर, त्याला पत्ताच नाही.

"चल, परत," मी म्हणालो.

"अरे, तो खडक दिसतो ना, तेवढाच—"

"एक पाऊलही नाही!"

त्याने हात जोडले. या माणसाने कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. मला संताप आला, रडूही आलं. "मला तू गुडघ्यासकट हवायस!" म्हणून ओरडलो आणि त्याला पाठीवर घेऊन खाणीपर्यंत उतरलो. तिथून ट्रकवाल्याने घरी सोडलं.

सोमवारी पाय गुडघ्याच्या वरून कापला. विष आधीच वर चढलं होतं, कपचीचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे समुद्र पाहू दिला असता तरी काही बिघडणार नव्हतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी एकटाच टेकडी चढलो. खडकाला वळसा घातला आणि समोर समुद्र. त्याचा घास मी खातोय असं वाटलं. फार वेळ उभं राहवलं नाही.

संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसलो. त्यानेच विचारलं, "गेला होतास?"

"हो."

"दिसला?"

धुकं होतं म्हणणार होतो, पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना. "दिसला. मोठा आहे. होड्या होत्या," एवढंच बोललो.

त्याने चादर सारखी केली. "असं नाही. नीट सांग, खाणीपासून. घाई करू नकोस. मला आता कुठं जायचंय?"