शिरूरची माती

शिक्षिका असलेल्या देविकाबाईंची शिरूर अनंतपाळच्या शाळेत बदली झाली आणि मार्तंडराव नांदेडलाच राहिले, तेव्हापासून या नवरा-बायकोचं एकदाही भांडण झालं नव्हतं. नातेवाइकांत याचं फार कौतुक. मार्तंडरावांना मात्र रोज फोन ठेवल्यावर आपण कस्टमर केअरशी बोललो, असं वाटे.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"बरं."

मार्तंडराव नांदेडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. गावोगावची माती मागवायची, तिच्यातले जंतू वाढवायचे आणि एखादा नवं प्रतिजैविक देतो का बघायचं, हा त्यांचा उद्योग. बाईंनीही शाळेमागच्या लिंबाखालची माती चटणीच्या रिकाम्या डब्यातून पाठवली होती. तिच्यातला एक पांढरा जंतू काचेच्या बशीत झकास वाढला, पण औषधाच्या नावानं शंख. एकटा, खाऊनपिऊन सुखी, गुमान. शेवटी वैतागून मार्तंडरावांनी त्याच्या शेजारी गोदाकाठचा एक दांडगा जंतू सोडला. आज बशी उघडली, तर पांढऱ्याभोवती स्वच्छ रिंगण! आत पाऊल टाकायची दांडग्याची टाप नव्हती. एकट्यानं जे औषध कधी केलं नाही, ते शेजाऱ्याच्या जाचानं केलं.

संध्याकाळी त्यांनी फोनवर सांगितलं, "तुझ्या मातीतला जंतू अखेर बोलला. त्याला भांडायला कुणीतरी लागत होतं."

"माझ्यावर गेलाय म्हणा," बाई हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, बदलीत नांदेड मागायचं तर उद्या शेवटची तारीख. पण राहू द्यावं म्हणते. इथं सवय झालीय. तुमचंही सुरळीत चाललंय."

'तुझी सोय बघ' हे घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य मार्तंडरावांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"काही सुरळीत नाही. नांदेड माग. ओला टॉवेल दिवसदिवस पलंगावर पडून असतो, कुणी ओरडत नाही."

पलीकडे बाईंचा आवाज एकदम चढला.

"पलंगावर? आईनं दिलेल्या रजईवर? आन् इतके दिवस काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता? मी इथं वाट बघून राहिले, हा माणूस आज म्हणंल ये, उद्या म्हणंल ये, आन् तुम्ही विचारता जेवलीस का! येऊ द्या मला नांदेडला, मग बघते!"

टॉवेलवरून गाडी शेगडीवर गेली, शेगडीवरून थेट सासूबाईंवर. मध्येच बाई दम घ्यायला थांबल्या.

"गॅलरीतली तुळसही वाळली," मार्तंडराव घाईघाईनं म्हणाले आणि फोन कानाशी घट्ट धरून बसले.