कुडकुडण्याची वाट

तळ्याकाठी वाळत घातलेली चादर वाऱ्याने पाण्यात नेली आणि लाँड्रीवाले काका भर थंडीत तिच्यामागे उतरले. चादर तरंगत काठाला लागली. काकांना मात्र चौघांनी ओढून काढले. रुग्णालयात आणले तेव्हा ते पांढरेफटक पडले होते, हाकेला ओ देत नव्हते, आणि काकूंना सर्वांत विचित्र वाटले ते हे, की इतके गारठूनही ते कुडकुडत नव्हते.

काकांच्या धाकट्या भावाचा उभा जन्म ओले कपडे हाताळण्यात गेलेला. त्याने भावाचे दोन्ही पाय उचलले आणि सवयीने सणसणीत झटकले. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी नाचली. डॉक्टरीणबाईंनी त्याचे मनगट धरले.

"माणूस आहे तो, पलंगपोस नव्हे. गारठलेलं हृदय एवढ्याशा धक्क्यानेही बंद पडतं."

काकांचे ओले कपडे अलगद कापून काढले गेले. शिरेतून कोमट सलाइन, तोंडावर उबदार प्राणवायूचा मास्क, छाती-पोटावर गरम हवेचे पांघरूण. भावाने निदान तळपायांना इस्त्रीचा शेक देऊ का म्हणून विचारले. डॉक्टरीणबाईंनी समजावले की ऊब आधी छातीला द्यायची. हातापायांतले थंड रक्त एकदम हृदयाकडे धावले तर घात होईल. काकूंनी दिराकडे असे पाहिले, की तो हात खिशात घालून उभा राहिला.

"वाचतील ना हो?" काकूंनी विचारले.

"शरीराने कुडकुडणंच सोडून दिलंय. ते परत सुरू झालं, की मला हायसं वाटेल."

मग सगळेच कुडकुडण्याच्या आशेने पाहत बसले. मध्येच भावाने हर्षाने सर्वांना बोलावले. पांघरूण थरथरत होते खरे, पण त्याखाली त्याचाच हात होता. परिचारिकेने त्याला भिंतीपाशी पिटाळले.

अखेर काकांची हनुवटी हलली. मग खांदे. मग दात असे वाजू लागले, की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही उठून बसले. काकूंना वाटले, अखेरचे आचके. त्यांनी डोळे मिटले. उघडले, तर डॉक्टरीणबाई हसत होत्या, परिचारिका टाळ्या वाजवत होती आणि खाटेला धक्का लागू नये म्हणून भाऊ बाहेर व्हरांड्यात जाऊन नाचत होता.

काकांनी मोठ्या कष्टाने डोळे किलकिले केले.

"अगं... फार थंडी वाजतेय."

"वाजू द्या हो," काकू रडत हसत म्हणाल्या, "आणखी वाजू द्या."