बाजेखालचा विस्तव

आमच्या घरात विस्तवावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भावाभावात वावराच्या वाटणीवरूनही होत नसतील. पहिली निवडणूक झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा पूस महिना. मूलपासून दोन कोसावर आमचं गाव, तिन्ही अंगानं जंगल, आणि थंडी अशी का रांजणात हात घातला तर बोटं बधिर व्हायची. माझा लहान भाऊ देवाजी, त्याची बायको कमळा बाळंतीण झाली होती. पोरगा झाला. मी सुगंधा, देवाजीची मोठी बहीण. नवरा मेल्यापासून भावाच्याच घरी राहत होती. दोन वेळचं खात होती अन् चार वेळचं काम करत होती, तरी बोलायले गेली का सगळ्यांले आठवे का ही पाहुणी आहे.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. सुतळीची बाज, वर माय अन् लेकरू, खालून शेक. ते ठीकच आहे, माझी दोन्ही बाळंतपणं तशीच झाली. पण विस्तव किती ठेवायचा? दार किती लावायचं? माझी माय, रुखमाबाई, म्हणे का विस्तव फुललेला पाह्यजे, दार बंद पाह्यजे, अन् दाराच्या फटीत चिंध्या पाह्यजेत. कमळा म्हणे, धुरानं माझा जीव जाऊन राह्यला, दार जरासं तरी उघडं ठेवा.

"दार कोणं उघडलं?" माय अंगणातूनच ओरडे.

"मी उघडलं, आत्याबाई. डोळे फुटून राह्यले माझे."

"फुटू दे. फुटक्या डोळ्यानं लेकराले पाजता येते. मेलेलं लेकरू पाजता येत नाई."

असं बोले माय. पण ती दुष्ट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. कमळेचा पहिला पोरगाही पुसातच झाला होता, अन् बारसं व्हायच्या आधीच गेला. सकाळी पाह्यलं तर अंग निळं, हातपाय थंडगार, अन् शेगडीत नुसती राख. विस्तव कोणं विझू दिला, हे त्या वेळी कोणी तोंडानं बोललं नाई. माय फक्त कमळेकडे पाही अन् उसासा टाके. दोन वर्षं ते उसासे त्या पोरीनं ऐकले. आता हा दुसरा काहीही करून जगला पाह्यजे, हे मायलेही वाटे अन् कमळेलेही वाटे. दोघींचं भांडण एकाच जिवासाठी होतं, म्हणून ते मिटत नव्हतं.

अन् आमचा देवाजी? त्याचं एकच. "तुम्हा बायांचं तुम्ही पाहा," म्हणे अन् खळ्यावर चालला जाये. असा राग यायचा मले! एकदा मी त्याले म्हणलंही, "अरे, बायको तुही, पोरगा तुहा. घरात दोन शब्द बोलशील तर जीभ झिजन काय तुही?" तो हसला, खांद्यावर पंचा टाकला अन् गेला.

कमळा खोकून खोकून बेजार झाली. लेकरूही धुरानं कुरकुर करे. माय ओली-सुकी जशी मिळतील तशी ऐनाची लाकडं जाळे, निखारे होऊ द्यायचीही तिले सबूर नसे. मी कधी दार ढकलून देई, माय कधी लावून घेई. दिवसभर तेच चाले.

अशात कमळेचा भाऊ दसरू भाच्याले पाहायले आला. तो बल्लारपूरकडं दगडी कोळशाच्या खाणीत कामाले होता. बहीण खोकून राह्यली, सासू कुरकुर करून राह्यली, हे त्यानं पाह्यलं. दोन दिवसांनी पुन्हा आला तो बैलबंडीत कोळशाचं पोतं टाकूनच.

"हा अंगणात पेटवायचा," त्यानं मायले समजावलं. "आधी काळा धूर निघते, तो बाहेरच जाऊ द्यायचा. मग लाल झाला का शेगडी आत न्यायची. नावाले धूर नाई, माय. अन् लाकडावाणी दर घडीले घालावं लागत नाई. एकदा भरला का सकाळपर्यंत पाहायचं काम नाई."

त्यानं स्वतः पेटवून दाखवला. धुराचा असा लोट उठला का शेजारपाजारचे पाहायले आले. मग धूर सरला, कोळसा लालबुंद झाला, अन् त्यानं शेगडी उचलून बाजेखाली ठेवली. खोलीत कशी ऊब आली म्हणता! कमळेनं नाकानं हुंगून पाह्यलं. डोळ्याले पाणी नाई, घशाले खवखव नाई.

"आता लावा दार," कमळा स्वतःच म्हणाली. "लागू द्या माझ्या राजाले शेक."

मायचं तोंड कधी नाई ते फुललं. तिनं फटीत चिंध्या कोंबल्या, अन् एक चिंधी कमी पडली तर कमळेनंच उशाखालची काढून दिली. मायनं तिले हातानं मेथीचा लाडू चारला. मलेही बरं वाटलं. काऊन नाई वाटणार? सासूले शेक मिळाला, सुनेले धूर गेला, कोणाचंच मन मोडलं नाई. रोज माय आतच निजायची, विस्तवात लाकूड घालायले. त्या दिवशी त्याचं कामच नव्हतं, म्हणून ती चुलीपाशी निजली, अन् म्हणे किती दिवसांनी डोळ्याले डोळा लागला.

सकाळी माय दार उघडायले गेली तर दार बोटभर आधीच उघडं होतं. आत कमळा जमिनीवर पडलेली. तोंड उंबऱ्याशी, फटीले लागलेलं, लुगड्यावर ओकारी. तिले हलवलं तर कण्हली. बाजेवरचं लेकरू हललं नाई.

माझ्या मायचा तो टाहो आजही कानात आहे. "उघडलं! हिनं दार उघडलं! थंडी घातली माझ्या सोन्याले!"

कमळेले धड बसताही येत नव्हतं. "मले कसंतरी झालं," ती पुटपुटली. "डोकं फुटून राह्यलं होतं. जीव घाबरला. म्हणून उतरली अन्... बोटभरच उघडलं वो, आत्याबाई. बोटभरच."

"बोटभर थंडी पुरते लेकराले!"

मी लेकराले उचललं. मले वाटलं निळं असन, आधीच्यासारखं. ते निळं नव्हतं. गाल लाल होते, ओठ लाल होते, जसं आताच दूध पिऊन निजलं. अन् बाजेखाली, शेगडीच्या पायाशी, आमची मांजर आडवी पडली होती, चारी पाय ताणून. ऊब शोधत आली होती बिचारी.

माझा नवरा कसा मेला ते मले त्याच घडीले दिसलं. जुनी विहीर उपसायले उतरला होता. ना धूर, ना वास. खाली गेला, भिंतीले टेकून बसला, अन् तसाच बसून राह्यला. वरून आम्ही हाका मारतच होतो.

लेकराले देवाजी अन् रात्री मुक्कामाले राह्यलेला दसरू दोघं पुरून आले. दसरू आला अन् बंडी जुंपून निघूनच गेला, बहिणीच्या तोंडाकडं पाहायची त्याची हिंमत झाली नाई. मी अंगणात येऊन पाहते तर काय, मायनं पुन्हा कोळसा पेटवला होता. ओल्या बाळंतिणीले शेक पाह्यजे, नाईतर तिचंही अंग थंड पडन, म्हणे.

मी शेगडीसमोर उभी राह्यली. "माय, हा विस्तव आत नाई जाणार. यानंच घेतलं लेकरू."

"डोकं फिरलं काय तुहं? दारानं घेतलं."

"मग मांजर कशानं मेली? थंडीनं? शेगडीले चिकटून थंडीनं मेली?"

"म्हातारी होती ती."

"लेकराचे गाल पाह्यले तू? थंडीनं मेलेलं लेकरू लाल असते? अगं, विहिरीतही धूर दिसत नाई, तरी माझा माणूस गेला का नाई? फटीले तोंड लागलं म्हणून कमळा वाचली. दार उघडलं म्हणूनच वाचली!"

मायनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "स्वतःचा नवरा खाऊन बसली," ती म्हणाली, "अन् बाळंतिणीच्या खोलीत अक्कल शिकवते. हो बाजूले."

माझी सख्खी माय. मी देवाजीकडं वळली. "तू तरी बोल रे!"

तो बोलला. जन्मात पहिल्यांदा त्यानं घरातला निवाडा केला, अन् तो हा. "बाई, आज भांडण नको," म्हणाला. त्यानं शेगडी उचलली, आत नेली, बाहेर आला, दार ओढलं अन् दाराले पाठ लावून बसला. डोळे रडून रडून सुजले होते त्याचे. त्याले काय म्हणू?

मी दाराबाहेरूनच ओरडली, "कमळे, तू सांग! नको म्हण!"

आतून आवाज आला, "लावू द्या, बाई. आता नाई उघडणार मी."

ते ऐकलं अन् माझं डोकं खरंच फिरलं. ती पोरगी काय करायले निजली होती आत, ते मले कळलं.

आमच्या घराच्या भिंती कुडाच्या, बांबूच्या काड्या अन् वरून माती. मी गोठ्यातली लोखंडी सब्बल घेतली, मागच्या अंगाले गेली अन् बाज जिथी असते तिथी भिंतीत घातली. माती पडली, काड्या मोडल्या, डोकं जाईन एवढं भोक पडलं. आतली गरम हवा तोंडावर आली.

"कमळे, इकडं तोंड कर," मी म्हणलं.

भोक एकदम काळं झालं. तिनं आतून गोधडीचा बोळा कोंबला होता. मी ओढून काढला. तिनं लुगड्याची चिंधी कोंबली. मी तीही ओढली.

"काऊन करून राह्यल्या असं?" ती आतून रडत होती. "मीच मारलं त्याले. दोघांले मीच मारलं. आता तरी दार लावून निजू द्या ना मले."

"तू नाई मारलं. ऐक माझं. तू नाई मारलं!"

"मारलं. बोटभर उघडलं मी."

किती सांगितलं मी! मांजर सांगितली, विहीर सांगितली, लाल गाल सांगितले. तिले काहीच ऐकायचं नव्हतं. तिनं पुन्हा काहीतरी कोंबायले आणलं तेव्हा मी भोकात हातच घातला, खांद्यापर्यंत. मागून माय आली, तिनं माझ्या पाठीत जळणाचं लाकूड हाणलं, एकदा, दोनदा, मग तीही दमून तिथीच बसली अन् हंबरडा फोडला. मी हात काढला नाई. मी तिथी आहे तोपर्यंत भोक बुजत नव्हतं.

मग कमळेनं माझ्या बोटाले चावा घेतला. साधा नाई, कडकडून, हाडापर्यंत. कळ डोक्यात गेली. पण मले बरं वाटलं, देवाशपथ सांगते, बरं वाटलं. तिच्या दातात जोर होता अजून.

"चाव," मी म्हणलं, "चाव, बाई." अन् हात आणखी आत घातला.