अंतऱ्यातलं नाव

मंजुळाचं नाव तिच्याच बंदिशीतून गेलं, हे मला गेल्या रविवारी ठाण्याच्या एका हॉलमध्ये कळलं. मंजुळा माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. गात होती तिची शिष्या योगिनी. नऊ वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरी शिकली. मंजुळाने तिला गंडा बांधला, त्या दिवशी पेढे मी आणले होते.

मला गाण्यातलं कळत नाही. मी कोलशेतच्या एका कंपनीत फिटर होतो. मंजुळा म्हणायची, "तुम्हाला सम कळत नाही, पण कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजता." खरं होतं ते. ती पहाटे तंबोरा घेऊन बसायची, तेव्हा कुकर माझ्याकडे असायचा. नंतर मी पाळीला जायचो आणि तिच्या शिकवण्या सुरू व्हायच्या.

एक गोष्ट मात्र तिने मला सांगून ठेवली होती. बंदिश रचणारा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, आपलं नाव घालतो. मंजुळाने अकरा बंदिशी रचल्या. प्रत्येकीत 'मंजुल' यायचं. तिची बिहागातली बंदिश सुरू झाली की मी हातातलं काम ठेवून त्या एका शब्दाची वाट बघायचो. रविवारीही बघत होतो. तिथे 'योगिनी' आलं. नाव जागेपेक्षा मोठं होतं. लहान भोकात जाड बुश, म्हणजे धातूची नळी, ठोकून बसवावी तसं तिने ते घाईने बसवलं. लोकांनी वाहवा केली.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेलो. तिने वाकून नमस्कार केला.

"काका, आवडलं ना?"

"नाव कुणाचं घेतलंस?"

तिचा चेहरा उतरला. "काका, इथे नको ना, प्लीज."

"इथेच. नऊ वर्षं माझ्या घरी जेवलीस. ती गेली तर तिचं नाव पण खाल्लंस?"

तबलजी तबला पिशवीत भरत होता, तो थांबला. योगिनीने पर्समधून तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. मंजुळाची वही. आठ महिने मी ती घरभर शोधत होतो. माळा काढला, गाद्या उलट्या केल्या. आणि ती हिच्या पर्समध्ये होती.

"बघा, काका."

अकराही ठिकाणी 'मंजुल'वर एकच सरळ रेघ आणि वर 'योगिनी'. अक्षर मंजुळाचं.

"बाईंनीच केलं. म्हणाल्या, माझं नाव या वहीच्या बाहेर गेलं नाही, तुझं जाईल. मी नको म्हणत होते काका, देवाशप्पथ."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याच म्हणाल्या, काकांना कळू देऊ नकोस."

"का?"

ती खाली बघायला लागली. "बाई गेल्या त्याच्या चार वर्षं आधी आम्ही ह्याच हॉलमध्ये गाणं ऐकायला आलेलो. एका मोठ्या महोत्सवाचे आयोजक भेटले. त्यांनी विचारलं, बाई, त्या वर्षी तुमचा घसा बसला होता, पुढे बरा झाला ना? बाई हो म्हणाल्या. मग खोपटला बसची वाट बघताना मला म्हणाल्या, त्या वर्षी माझा घसा उत्तम होता गं."

मी खुर्चीवर बसलो.

फोन मी घेतला होता. बारा वर्षं झाली त्याला. त्या महोत्सवात पहिल्या सत्रात गायची जागा अचानक रिकामी झाली होती. मंजुळाला रविवारी यायला जमेल का, असं ते आयोजक विचारत होते. त्याच रविवारी टिटवाळ्याला माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. चौदा माणसांचा स्वयंपाक मंजुळा करणार होती. मी फोनवर सांगितलं, तिचा घसा बसलाय. तिला काहीच सांगितलं नाही. वाटलं, पुन्हा बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. मग गणपतीतले कार्यक्रम आणि शिकवण्या, एवढंच राहिलं.

म्हणजे शेवटची चार वर्षं तिला माहीत होतं. चार वर्षं तिने माझ्या ताटात गरम पोळी वाढली, गुडघ्याला तेल लावून दिलं, आणि एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मी पाय धरले असते. ते तिने करू दिलं नाही. चूक माझी होती, कळतं मला. तरी माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे दोघींनी हे ठरवलं, याचा राग जात नाही.

योगिनीने वही माझ्या हातात दिली. "तुम्ही सांगाल तसं, काका. मंजुल म्हणा म्हणालात तर पुढच्या कार्यक्रमापासून मंजुल."

पुढचा कार्यक्रम कल्याणला आहे, येत्या शनिवारी. तिचे दोन फोन येऊन गेले. वही टेबलावर आहे. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.