मुडदा बशिवला तुजा

माझ्या आईने मला कधी 'ये गं बाळा' म्हटल्याचं आठवत नाही. लग्न होऊन मी भिंगारला आले, शाळेत शिक्षिका झाले, माझी स्वतःची पोरगी कॉलेजात गेली, तरी बेलापूरच्या घरी माझं स्वागत एकाच पद्धतीने व्हायचं. आई ओट्यावर बसलेली असायची, पुढ्यात गवारीची नाहीतर मेथीची पाटी. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की हातातली शेंग तशीच टाकून ती ओरडायची, "मुडदा बशिवला तुजा, कुटं हुतीस इतका येळ?"

मालनबाईची रेश्मा आली, हे तेवढ्यावरून साऱ्या गल्लीला कळायचं. राहुरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे एसटी कशी रखडली हे मी सांगायला जायची, पण ते ऐकतंय कोण? ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. ती कडाकडा वाजली की तिचं समाधान. आमच्याकडे शेजारणीवर राग असला तरी बायका बोटं मोडतात आणि लेकराची दृष्ट काढायची असली तरी बोटंच मोडतात. त्यातली कुठली कशासाठी, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लग्नानंतर माझ्या नवऱ्याने हे स्वागत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. तुझ्या आईचं आपल्या लग्नावरून काही बिनसलंय का, असं त्याने मला परसात गाठून विचारलं. मला हसू आवरेना. त्याला मी सांगितलं, तुम्हाला ती 'या, बसा, पाणी घ्या' म्हणते ना, म्हणजे तुम्ही अजून पाहुणे आहात. ज्या दिवशी ती तुमचा मुडदा बसवील त्या दिवशी तुम्ही घरचे झालात. बिचारा पुढे कितीतरी वर्षं वाट बघत होता, पण जावयाला तेवढा मान मिळाला नाही.

मग आईचा आवाज बसला. थंडी बाधली म्हणून काढे झाले, ज्येष्ठमध झालं, शेजारच्या बायडाबाईने सांगितलेल्या हळदीच्या गुळण्याही झाल्या. आवाज काही उठेना. नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. बाई वाचतील, पण बोलता येणार नाही. मी मान हलवली आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. बोलणं काढून घेतल्यावर माझ्या आईत उरणार काय होतं?

त्याच वर्षी आम्हा शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण मिळालं होतं. बाकीचे मास्तर चहाची वाट बघत होते, मी मात्र हरखून गेले होते. माझ्या वर्गातल्या मुक्या पोराला मोबाईलने बोलतं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आईसाठी शोधाशोध केली आणि पुण्यातली एक कंपनी सापडली. ऑपरेशनआधी माणसाचा आवाज साठवून घ्यायचा, मग माणसाने टॅबवर बोटाने लिहिलं की टॅब त्याच माणसाच्या आवाजात बोलणार. तिथला समर्थ नावाचा मुलगा फोनवर सगळं नीट समजावून सांगायचा. मला वाटलं, देवाने दार लावलं तरी या पोराने खिडकी किलकिली ठेवलीय.

रेकॉर्डिंग घरीच केलं. पंखा बंद, खिडकी बंद, कोंबड्या डालग्याखाली. टॅबवर एकेक वाक्य यायचं आणि आईने ते वाचायचं. 'माझे नाव मालन आहे.' 'मला थोडे पाणी हवे आहे.' 'आज हवामान छान आहे.' आई सातवीपर्यंत शिकलेली. तिने डोक्यावरून पदर घेतला, पाठ ताठ केली आणि घोगऱ्या आवाजात, शाळा तपासणीला साहेब आल्यावर वाचावं तसं एकेक अक्षर सुटं करून वाचू लागली. मध्येच अडखळली की म्हणायची, "आगं बया, चुकलं की गं," आणि खुदकन हसायची. टॅब तेवढा भाग पुसून टाकायचा आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगायचा. आज मला कळतंय की माझी आई त्या पुसलेल्या भागातच होती. तेव्हा मात्र मीच तिला दटावत होते, आई, मध्ये बोलू नको.

तुम्ही म्हणाल, दुसरं काही रेकॉर्डिंग नव्हतं का? लग्नातले व्हिडिओ होते, त्यात बँडशिवाय काही ऐकू येत नाही. व्हॉइस मेसेज करायला आईला आवडायचं नाही. भिंतीशी बोलल्यावानी वाटतं, म्हणायची.

ऑपरेशन चांगलं झालं. जखम भरल्यावर आईने टॅब मांडीवर घेतला आणि बोटाने लिहिलं, 'मला च्या पायजे.' टॅब बोलला, "मला चहा हवा आहे." आवाज आईचाच. माझे डोळे भरून आले. आमच्या घरात कुणाला कधी चहा 'हवा' नव्हता, सगळ्यांना तो 'पायजे' असायचा, पण त्या घडीला मला त्याचं काही वाटलं नाही. आईला बोलता येत होतं. दूधवाल्याला उद्या जास्त दूध घाल म्हणून सांगता येत होतं, डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगता येत होतं. हे उपकार मी आजही नाकारत नाही.

गमतीही झाल्या. ओट्यावर चढणाऱ्या कुत्र्यासाठी आईने 'हाड' लिहिलं. टॅबने ते इतक्या मऊपणे म्हटलं की कुत्रं शेपूट हलवत आणखी जवळ आलं. आई पोट धरून हसली, नुसता श्वास, आवाज नाही. माझे वडील आप्पा मात्र हसले नाहीत. टॅब त्यांना म्हणाला होता, "अहो, जेवण तयार आहे, आपण या." त्यांनी आधी दाराकडे पाहिलं होतं, कोण आलंय म्हणून. मग मला म्हणाले, "आवाज तिचाच हाय, पन बोलनं पाव्हनीचं हाय." त्यानंतर टॅब बोलू लागला की ते उठून गोठ्यात जायचे.

मी भिंगारला परतले आणि पुढच्या रविवारी आले तेव्हा एसटी नेहमीसारखीच रखडली होती. आई ओट्यावर होती. मला बघताच तिने घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि टॅब माझ्याकडे उंच धरला. टॅब म्हणाला, "रेश्मा, तुझे स्वागत आहे. तुला उशीर का झाला?"

मी गल्लीत उभी राहिले. मला एकदम परकं वाटलं. या, बसा, पाणी घ्या. आईने टॅब आपल्याकडे वळवून पाहिला, मान हलवली, पुन्हा लिहिलं. पुन्हा स्वागत झालं. मग तिने तो बाजूला ठेवला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ती वाजली तेव्हा कुठे माझा पाय उंबऱ्याच्या आत पडला.

भाषा सुधारण्याची सोय बंद करता येते, हे मी शोधून काढलं. आता 'पायजे'ला 'पायजे' येऊ लागलं. आई खूश झाली आणि तिने लगेच तेच वाक्य पुन्हा लिहिलं. मुद्दाम मला ओट्याखाली उभं केलं, नुकतीच आल्यासारखं. टॅब थोडा थांबला आणि आईच्याच आवाजात म्हणाला, "माफ करा, हे वाक्य बोलता येणार नाही. त्यात जिवे मारण्याची धमकी आहे. तुम्हाला मदत हवी आहे का?"

मी हसले. बायडाबाई भिंतीपलीकडून हसली. आई हसली नाही. तिने टॅब पुन्हा मांडीवर घेतला आणि सावकाश लिहिलं. टॅबने ते जसंच्या तसं म्हटलं, "माजंच तोंड मला न्हाई म्हनतंय."

मी समर्थला फोन लावला आणि चांगलीच तापले. तो शांतपणे म्हणाला की हे बंधन सगळ्यांनाच लावलेलं आहे. कुणीतरी असाच साठवलेला आवाज वापरून बायकोला रोज मारण्याच्या धमक्या देत होता, त्यानंतर असली वाक्यं बंद केली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझ्या आईला त्या माणसाच्या रांगेत उभं केलं होतं, ते मला सोसवेना. मी त्याला विचारलं, तुझं गाव कुठलं? पारनेर, म्हणाला. मग तुझी आजी तुला काय म्हणायची रे?

"हेच म्हणायची, मॅडम," तो म्हणाला. "रोज म्हणायची."

पण मशीन त्याच्या आजीच्या हाताखाली वाढलं नव्हतं. तक्रार वर पाठवतो, वेळ लागेल, असं तो म्हणाला. मी दर आठवड्याला विचारायची आणि तो बिचारा दर आठवड्याला तेच सांगायचा. आईने मात्र नाद सोडला नाही. मी आले की ती एकदा लिहून बघायची. 'मुडदा' चालत नाही म्हणून तिने 'मुर्दा' लिहून पाहिलं, एकदा 'तुजा मु' एवढंच लिहून माझ्याकडे आशेने बघितलं. टॅब दरवेळी तिच्याच आवाजात माफी मागायचा. पुढे पुढे तिने तो घेणं कमी केलं. चहा, औषध, दूध, एवढ्यापुरता तो उरला. बाकी घर गप्प झालं. पूर्वी ज्या घरातून सगळ्या गल्लीला आवाज जायचा त्या घरात आता भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं.

दिवाळीच्या आधी दुखणं फुप्फुसात उतरलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. शेवटच्या दुपारी मी निघाले तर कारखाने सुरू झाले होते, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. घरी पोचले तेव्हा आप्पा खाटेपाशी बसले होते आणि आईचे डोळे दाराकडे लागले होते. टॅब उशाशी होता. मी तो तिच्या हाताशी सरकवला. तिने तो बोटाने दूर लोटला.

तिचे ओठ हलले. आवाज नाही, श्वासही पुरता नाही. पण ते शब्द मला कुणी ऐकवायला नको होते. 'मुडदा' म्हणताना ओठ आधी मिटले, 'बशिवला'ला पुन्हा मिटले, आणि 'कुटं हुतीस'ला चंबू झाला. ते अख्खं वाक्य मी बघितलं. मग तिने हात उचलला. तो माझ्या तोंडापर्यंत पोचला, पुढे कानशिलापर्यंत जाईना. मी तिची बोटं धरून तिच्या कानशिलावर टेकवली आणि वर माझा हात दाबला. ती वाजली नाहीत. मी पुन्हा दाबला. संध्याकाळच्या आत आई गेली, आणि मला अजून वाटतं की ती बोटं एकदा तरी वाजायला हवी होती.

दहावं-तेरावं झालं. पाहुणे गेले. मी आप्पांसाठी मागे राहिले होते आणि ओट्यावर आईच्या जागी मेथी निवडत बसले होते, तेव्हा समर्थचा मेसेज आला. 'मॅडम, झालं एकदाचं. घरगुती बोलीतली माया आता मशीनला कळते. तुमच्या आईंचं वाक्य मी स्वतः तपासून चालू केलंय. त्यांना सांगा, पारनेरच्या नातवाने केलं.' आई गेल्याचं मी त्याला कळवलंच नव्हतं. मी आत जाऊन टॅब आणला.

आई लिहायची तसंच लिहिलं, काना-मात्रा न बदलता. मग डोळे मिटून घेतले, गल्लीच्या तोंडाशी उभी आहे असं मनात आणलं आणि बटण दाबलं.

"मुडदा. बशिवला. तुजा. कुटं. हुतीस. इतका. येळ."

आवाज आईचा होता. प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं, पाठ ताठ करून, पदर सावरून वाचलेलं. त्यात राग नव्हता, वाट बघणं नव्हतं, हातातली शेंग टाकून दिलेली नव्हती. जन्मभर ऐकलेल्या त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदाच कळला, आणि तो भयंकर होता. माझ्या मरणाची कुणीतरी थंड डोक्याने वाट पाहतंय असं वाटून मी अंग चोरलं. मेथीची पाटी कलंडली.

गोठ्यातून आप्पा घाईने आले. हातात दावं तसंच होतं. त्यांनी ओट्यावर पाहिलं, दारात पाहिलं, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"कोन बाई हाय गं ती?" ते म्हणाले. "माज्या लेकीला श्या कशापाई देती?"

मी टॅब मेथीच्या पाल्याखाली पालथा सारला.

"कुनी न्हाई, आप्पा," मी म्हटलं. "कुनी न्हाई."