आवुडैयारकोविलची वळचण सोडून

आम्हा दगड घडवणाऱ्या आसारींत एक रीत आहे. देवळाचं काम ठरलं की यजमान पानसुपारीचं ताट पुढे करतो, आणि पान उचलण्याआधी आम्ही म्हणतो, "सांगाल ते घडवीन, आवुडैयारकोविलची वळचण सोडून." आजोबा म्हणाले, बाप म्हणाला, मीही आयुष्यभर म्हणत आलो. त्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. आवुडैयारकोविलच्या त्या जुन्या देवळात वळचणीला दगडी वासे, दगडी पट्ट्या, दगडी खिळे, दगडी दोर, आणि सगळं इतकं पातळ की वाटावं, गवताने शाकारलंय. ज्याने कुणी केलं तो करून गेला. त्याच्याशी बरोबरी नको, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ.

पोन्नंबलम मात्र ते म्हणाला नाही.

कारैक्कुडीच्या सात्तप्पन चेट्टियारांना कुलदेवतेच्या देवळापुढे मंडप बांधायचा होता, आणि मंडपाला चारी बाजूंनी दगडी वळचण हवी होती. एवढं मोठं काम आमच्या भागात पुन्हा निघायचं नाही. ज्याला ते मिळेल तोच पुढे मुख्य कारागीर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेट्टियारांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझे केस पिकलेले. पोन्नंबलम तिशीचा, माझ्याच बापाच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकलेला. मी रीतीप्रमाणे बोललो. तो नुसता उभा.

"आणि ते 'सोडून' वगैरे?" चेट्टियारांनी विचारलं.

"मी ती वळचण बघितलीच नाही," पोन्नंबलम म्हणाला. "न बघितलेली सोडू कशी?"

चेट्टियार पोट धरून हसले. माझ्या बोलण्यावर ते कधी हसले नव्हते. ताट तसंच आत गेलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं सांगायचं तर तो आधीपासूनच होत होता. गेल्या वर्षी या पठ्ठ्याने मुरुगन देवाचा मोर घडवला, तर लोक गाड्या करून बघायला गेले. मीही गेलो, कुणाला न सांगता. मोराच्या मानेवरून हात फिरवला आणि घरी येऊन जेवलो नाही. त्या मानेत कुठेही छिन्नी अडखळली नव्हती. माझी अडखळते. दुसऱ्या कुणाला दिसत नाही, पण मला दिसते.

"चेट्टियार," मी म्हटलं, "पोराला ती वळचण एकदा दाखवूनच आणू ना." मनात म्हटलं, बघू दे, आपोआप वाचा बसेल.

निघायच्या दिवशी बायकोने, वळ्ळीने, हातात डबा दिला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग तोंड असं का? तिथल्या देवाला कारल्याचा नैवेद्य असतो म्हणे. तुम्ही निघायच्या आधीच खाल्लेला दिसतोय."

चेट्टियारांच्या गाडीत पोन्नंबलम पुढे बसला, कारण मागे बसलं की त्याला मळमळतं म्हणे. अरंतांगीला आम्ही वडे खाल्ले. त्याने माझाही एक उचलला, वर "अण्णा, तुम्हाला तेलकट बरं नाही" म्हणाला. चेट्टियार पुन्हा हसले.

देवळात पोचलो तेव्हा नैवेद्याची वेळ झाली होती. वाफाळता भात दगडावर पसरलेला, गाभारा वाफेने भरलेला. मी हात जोडले, पण देवाकडे माझं लक्ष नव्हतं. दर्शन आटपलं तसं मी पोन्नंबलमचं मनगट धरलं आणि त्याला मंडपात वळचणीखाली आणून उभं केलं, जणू ती मीच घडवली होती.

"बघ," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता पडेल, मग पडेल. माझं पडलं होतं. बापाने पहिल्यांदा इथे आणलं तेव्हा. त्यानंतर जितक्यांदा आलो तितक्यांदा मान अवघडूनच परत गेलो. ज्याचं नावही माहीत नाही त्या मेलेल्या माणसावर मी जन्मभर जळत आलोय.

पोन्नंबलमने खांद्यावरचं उपरणं काढलं, फरशीवर अंथरलं आणि सरळ उताणा झोपला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जाऊ लागले. थोड्या वेळाने तो हसायला लागला.

"काय झालं रे?"

"अण्णा, केवढी मजा केलीय हो या माणसानं!"

"मजा?"

"नाहीतर काय! इथे झोपून बघा. दगडाला कशाला हवाय दोर? दगडाला कशाला हवाय खिळा? कुणी मागितलं होतं? सुतारांना वेडावून दाखवलंय त्यानं." तो कोपरावर उठला. "आणि आपण उगाच मान मोडून घेतो. त्याच्यासमोर हे खाली, जमिनीवर होतं. उलटं पाडून, मांडी घालून कोरलं असणार. गाणी म्हणत."

दगड खाली कोरून मग वर चढवतात हे मला कुणी शिकवायला नको. पण या वळचणीबद्दल तसा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ती कायम वरच होती. तिच्याखाली बसलेला, घाम पुसणारा, गाणं म्हणणारा माणूस मला कधी दिसला नाही. याला आल्या आल्या दिसला! या पोराला त्या माणसाचा हेवासुद्धा वाटला नव्हता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या इथे.

चेट्टियारांनी मला बाजूला, एका खांबाआड नेलं.

"आसारी, मला दगडातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. पोरगा हे उचलेल का? तुमचा एक शब्द पुरे. नाही म्हणालात तर ताट तुमच्यापुढे."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. गाडीत सबंध वाट तेच घोळवत आलो होतो: हात चांगला आहे, पण अजून कच्चा आहे. खोटं ठरणार नाही आणि काम मला मिळेल, असं वाक्य. मी तोंड उघडलं, आणि पान माझ्या हाती आल्यावर काय होईल ते मला लख्ख दिसलं. मी पुन्हा "सोडून" म्हणेन. चांगली, नीटस, बापासारखी वळचण करीन. आणि हा उताणा पडून हसणारा गाढव काय करू शकला असता, ते मला मरेपर्यंत कळणार नाही. ते मला बघायचं होतं. जळायचं असेल तर जळत, पण बघायचं होतं.

"त्याला द्या," मी म्हटलं. "आणि त्याच्याकडून ते 'सोडून' म्हणवून घेऊ नका. तो काही न सोडता करील."

चेट्टियारांनी तिथूनच पोन्नंबलमला हाक मारून सांगितलं. तो धावत आला आणि भर मंडपात माझ्या पायांवर पडला.

"ऊठ, लोक बघतायत," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय करणार, आसारी?" चेट्टियारांनी विचारलं.

"वळचण हवेत तरंगत नाही. खाली खांब लागतात. ते माझे."

"अण्णा, खाली तुमचे खांब असले तर मला कसली काळजी!" पोन्नंबलमने माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरले होते, आणि त्यात तसूभरही खोट नव्हती. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मी हात सोडवून घेतले. "काळजी कर," मी म्हटलं. "खांब असे घडवीन की तुझ्या वळचणीकडे कुणाची मान वर जायचीच नाही."